पायऱ्या बुजल्या तो उन्हाळा

अंगावरचा गुलाल पुरता धुऊन निघायच्या आत बसलिंगप्पाच्या घोट्यावर फोड आला.

पंचायतीच्या निवडणुकीत रावजी पाटलाचं पॅनेल निवडून आलं होतं. बसलिंगप्पा महिनाभर रावजीच्या मागं फिरला होता, रानात ज्वारी उभी ठेवून घरोघरी हात जोडत हिंडला होता. मिरवणुकीत हलगीपुढं तो असा नाचला की बायकोनं, नागव्वानं, पदर तोंडाला लावला. फकीर गवंडी पडलेल्या पॅनेलकडून होता. त्याच्या घरावरून मिरवणूक जाताना पोरांनी त्याच्या पांढऱ्या चुन्याच्या दारावर गुलाल फेकला. त्यातली एक मूठ बसलिंगप्पाची होती.

आणि आता तो ओट्यावर पाय पसरून बसला होता.

"काटा मोडला असंल," तो म्हणाला.

नागव्वानं वाकून बघितलं. ती अफजलपूरकडची, कन्नड मुलखातली. मराठी बोलायची ते तोडून तोडून. "काटा न्हाई. नारू हाय," ती म्हणाली आणि रुईचं पान शेकायला चुलीकडं गेली.

चिंचनहळ्ळीला नारू नवा नव्हता. अक्कलकोटच्या पलीकडं, काळ्या रानाच्या कुशीतलं हे गाव. दर उन्हाळ्याला इथं कुणाच्या ना कुणाच्या पायातून तो पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. मग तो काडीला गुंडाळायचा, रोज थोडाथोडा ओढायचा. घाई केली की तुटायचा, आणि तुटला की पाय गुडघ्यापर्यंत भोपळ्यासारखा फुगायचा. गावाला वाटे, पूर्वजन्माचं काहीतरी असेल. कुणी देवीचा कोप म्हणे.

बसलिंगप्पाची लेक नीलम्मा उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तिनं नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. शेजारच्या गावच्या हायस्कुलात गेल्या हिवाळ्यात आरोग्य खात्याचा माणूस आला होता. त्यानं चिंचनहळ्ळीच्या विहिरीचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हात धरलं, आणि पाण्यात उड्या मारणारे ठिपके सगळ्या वर्गाला दाखवले. हे प्यालात की वर्षानं नारू पायातून निघतो, असं त्यानं सांगितलं. नारूवाला माणूस विहिरीच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतो, तिथंच तो किडा पिल्लं सोडतो. त्या दिवसापासून नीलम्मा घरचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची. नागव्वा हसायची. "जंगमाच्या मठातली झाली बघ, पानी गाळून पिती," म्हणायची.

आता ती हसली नाही.

"अप्पा, ह्यो गेल्या सालच्या पाण्याचा हाय," नीलम्मा म्हणाली.

"तुझं शाळंतलं राहू दे," बसलिंगप्पा म्हणाला. "ज्वारी काढायची कुणी, ते सांग."

ज्वारी बायकांनीच काढली. काढून, बांधून, खळ्यावर आणली. रावजीनं मिरवणुकीच्या दिवशी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "बसलिंगप्पा, तुझं खळं म्हणजे माझं खळं. चार माणसं पाठवतो." नागव्वानं दोन दिवस त्या माणसांची भाकरी जास्तीची थापली. कुणीच आलं नाही; तिसऱ्या दिवशी तिनं पीठ नेहमीइतकंच मळलं.

खळ्याच्या मधोमध रोवलेल्या तिवड्याच्या खांबाला बैल बांधले होते. नीलम्मा त्यांच्या मागं गोल गोल चालायची, नागव्वा दाताळ्यानं कणसं वर-खाली करायची. ऊन टाळूवर बसलं होतं. कुसळं मानेत जायची, घामात चिकटायची, खाजवलं की आग व्हायची. दुपारी बैलसुद्धा जीभ काढून उभे राहिले.

तेव्हा बांधावरून रुक्साना आली. फकीर गवंड्याची लेक. हायस्कुलात ती आणि नीलम्मा एका बाकावर बसायच्या, जाता-येता त्यांच्या डब्यांची अदलाबदल व्हायची. निवडणुकीपासून दोघींचं बोलणं बंद होतं. दोघींच्या बापांनी ते बंद केलं होतं.

"तुला न्हाई का सांगितलं, ह्या घरी जायचं न्हाई म्हणून?" नीलम्मानं विचारलं.

"सांगितलंय की. अब्बा म्हणाले, त्या घराची पायरी चढायची न्हाई." रुक्सानानं ओढणी कमरेला बांधली. "खळ्याला कुटं पायरी असती?"

नागव्वा दाताळं टेकून हसली. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच हसली.

दोन दिवसांनी वारं सुटलं तेव्हा नागव्वा तीनपायी वावडीवर चढून उभी राहिली. रुक्साना खालून पाटी भरून द्यायची, नागव्वा ती डोक्याच्या वर धरून हळूहळू ओतायची. भूस उडून पलीकडं पडायचं आणि ज्वारी सरळ खाली. नीलम्मा झाडूनं दाणे आत ओढायची. तिघींची तोंडं धुळीनं एकसारखी झाली होती. लांबून बघणाऱ्याला कोण कुणाची ते ओळखू आलं नसतं.

घरात बसलिंगप्पाचा पाय जळत होता. फोड फुटून किड्याचं तोंड बाहेर आलं होतं. रात्री तो कण्हायचा, दिवसा शिव्या द्यायचा. नारूवाल्याला एकच माहीत असतं, की पाय गार पाण्यात धरला की आग थांबते. एका दुपारी घरात कुणी नाही बघून तो काठी घेऊन विहिरीकडं निघाला.

विहीर जुनी, दगडी, रुंद पायऱ्यांची. बायका पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवायच्या. नीलम्मा वरच्या पायरीवर घागर ठेवून चुंबळ करत होती. बाप लंगडत येताना दिसला तशी ती उठून वाटेत आडवी उभी राहिली.

"अप्पा, आत जायचं न्हाई."

"सरक."

"न्हाई सरकत. पायाला जखम हाय. पान्यात घातला तर सगळ्या गावाला हुईल पुढल्या साली."

खाली पाण्यात उभ्या असलेल्या बायकांनी वर बघितलं. त्यातली बजाबाई मोठ्यानं म्हणाली, "बघा गं बया! बापाला आडवती. ह्यासाठी शिकवावं लेकीला!"

बसलिंगप्पाचा चेहरा काळा पडला. महिन्यापूर्वी याच विहिरीवर उभं राहून त्यानं रावजीसाठी मतं मागितली होती. त्यानं काठी उगारली. नीलम्मा हलली नाही. तिचे डोळे भरले होते, पण पाय पायरीवर घट्ट होते.

"पाय जळतोय गं माझा," तो एकदम हळू आवाजात म्हणाला.

तिनं त्याच्या काखेत हात घातला. विहिरीपासून लांब, उताराच्या अंगाला चिंच होती, तिच्या मुळावर त्याला बसवलं. मग ती परत फिरली, घागर भरली, वर आली आणि त्याच्या पायावर धार धरली. घागर संपली की पुन्हा खाली, पुन्हा वर. पाणी वावराकडं वाहून जात होतं. बायका आपापल्या घागरी घेऊन जाताना त्याच्याकडं बघून जात होत्या. तो मान वर करत नव्हता. आग थांबल्यावर तो उठला आणि तिचा हात झिडकारून एकटाच घरी गेला.

त्यानंतर बरेच दिवस तो तिच्याशी बोलला नाही. "तुझ्या लेकीला सांग" असं नागव्वाला म्हणायचा. भाकरी नीलम्मानं वाढली तर ताट सरकवायचा. नीलम्मा चुलीपुढं गुडघ्यात डोकं घालून बसायची. नागव्वा तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "खा. उपाशी राहून काय हुतंय?"

हायस्कूलच्या वाटेवर एक मोकळं माळरान होतं. परीक्षा झाली तरी नीलम्मा आणि रुक्साना शेण गोळा करायच्या निमित्तानं तिथं जायच्या, आणि त्यांच्याच वर्गातला येडू तिथं शेळ्या घेऊन यायचा. येडू गावाच्या खालच्या वस्तीतला. त्याचा चुलता अक्कलकोटच्या एस.टी. स्टँडवर हमाली करायचा आणि लोकांनी टाकलेली वर्तमानपत्रं घडी घालून घरी आणायचा. येडू ती मोठ्यानं वाचायचा, दोघी ऐकायच्या. दिल्ली, मुंबई, विधानसभा, कापसाचा भाव, क्रिकेट, सगळं. बातमी आठवड्याची शिळी असली तरी त्यांना ताजी होती.

त्या दिवशी त्यानं एक बातमी वाचली. लांबच्या एका गावानं पायविहिरीच्या पायऱ्या बुजवून वर रहाट बसवला होता, आणि तिथला नारू गेला होता.

"रावजी पाटील ह्येच बोलला हुता की प्रचारात," रुक्साना म्हणाली. "विहिरीवर उभा राहून. पायऱ्या बुजवू, रहाट बसवू."

"बोलला हुता," नीलम्मा म्हणाली. "आमचे अप्पा टाळ्या वाजवत हुते."

येडू शेळीच्या मानेतलं दावं सोडत होता. "आमच्या वस्तीत कुनाला नारू झालेला बघितलाय का तुमी?"

दोघी विचार करू लागल्या. एकसुद्धा लंगडता माणूस त्यांना आठवेना.

"आमचा आड हाय," येडू म्हणाला. "दोरानं शेंदायचा. त्याला पायऱ्याच न्हाईत. तुमच्या मानसांनी आमाला विहिरीवर येऊ दिलं न्हाई, म्हनून आमी वाचलो."

तो हे हसत म्हणाला. त्या दोघींना हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं रावजीच्या घरी गेले. रावजी सोप्यात खुर्चीवर बसून दाढी करून घेत होता. त्यानं आरशातून त्यांच्याकडं बघितलं आणि अंगणात उभं राहायला हात केला. येडू तर फाटकाच्या बाहेरच थांबला. बराच वेळ ते उन्हात उभे राहिले. दाढी झाली, चहा झाला, मग रावजी बाहेर आला.

"काय रे पोरानूं? रिझल्ट लागला का?"

"न्हाई अजून," नीलम्मा म्हणाली. "विहिरीचं इचारायला आलो. पायऱ्या कवा बुजवायच्या?"

रावजी हसला. तो वाईट माणूस नव्हता. गावात कुणाचं लग्न अडलं, कुणाचा बैल मेला, तर पहिला धावून जायचा. पण अंगणात उभं राहून पोरीनं आपल्याला काही विचारावं, हे त्याच्या बाबतीत अजून कधी घडलं नव्हतं.

"आगं, इलेक्शन झालं आता. घरी जावा, आईला मदत करा."

"झालं म्हनूनच आलो की," नीलम्मा म्हणाली.

रावजीचं हसू जरा आखडलं. "बसलिंगप्पाची न्हवं तू? बापाचा पाय कसा हाय?"

"किडा अजून निम्मा आत हाय."

"ह्यो काय, तेल लावा त्याला," म्हणत तो आत गेला.

परत येताना रुक्साना पाय आपटत चालली होती. "म्हाइतेय काय वाटलं मला? उन्हात उभं केलं त्याचं न्हाई. आपन परत येनार न्हाई असं त्याला वाटलं, त्याचा राग आला."

नागरिकशास्त्राचं पुस्तक तिघांनीही पाठ केलं होतं, परीक्षेसाठी. आता येडूनं ते पुन्हा काढलं. ग्रामसभा वर्षातून दोनदा, पहिली उन्हाळ्यात. सूचना लावली पाहिजे. पंचायतीच्या कचेरीत त्यानं ती शोधली तेव्हा भिंतीवर कुठंच दिसली नाही. शेवटी कचेरीचं दार लोटल्यावर सापडली. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली होती. दार उघडं असलं की ती भिंतीकडं तोंड करून असायची. येत्या सोमवारी, सकाळी, चावडीपुढं.

मग तिघं गावभर फिरले. खालच्या वस्तीत येडू, वरच्या गल्ल्यांत दोघी. पुरुषांना सांगणं सोपं होतं, पारावर एकदा मोठ्यानं बोललं की झालं. बायकांच्या दारात जावं लागलं.

"आमी काय करू तितं?" बजाबाई जात्यावरून म्हणाली.

"मत दिलं न्हवं तुमी?"

"दिलं की. रिक्षातनं न्हेलं, रिक्षातनं आनलं."

"आता चालत या," रुक्साना म्हणाली.

जातं थांबलं. बजाबाई हसायला लागली. "फकिराची पोरगी लई बोलती हां. येते बघ."

सोमवारी चावडीपुढं एवढी माणसं जमली की ग्रामसेवकाला सतरंजी अपुरी पडली. पुरुष पुढं, बायका मागं लिंबाखाली, खालच्या वस्तीतली माणसं अजून मागं. बसलिंगप्पा काठीवर आला होता आणि पाय लांब करून पुढंच बसला होता. घोट्याला गुंडाळलेल्या फडक्यातून काडीचं टोक दिसत होतं. त्यानं नीलम्माकडं बघितलं नाही. फकीर दुसऱ्या टोकाला, आपल्या पॅनेलच्या माणसांत.

ग्रामसेवकानं हिशेब भराभरा वाचून टाकला. शेवटी, "कुणाला काही विचारायचंय का?" असं म्हणत तो कागद गुंडाळू लागला.

नीलम्मा उठली. तिनं पदरासारखी ओढणी मुठीत धरली. "विहिरीच्या पायऱ्यांचं—"

"वय काय तुझं?" ग्रामसेवकानं विचारलं.

"सोळा."

"मतदार नाहीस. ग्रामसभा मतदारांची असते. खाली बस."

मागून येडू म्हणाला, "मग मी—"

"तूही नाहीस."

काही पुरुष हसले. रावजीनं हात वर करून त्यांना थांबवलं आणि गोड आवाजात म्हणाला, "बसलिंगप्पा, लेक हुशार हाय तुझी. पन ऊन लई झालंय. घेऊन जा तिला घरी."

सगळी चावडी बसलिंगप्पाकडं बघू लागली. तो आपल्या पायाकडं बघत होता. ज्या माणसासाठी तो गुलालात नाचला, तोच आज त्याच्या लेकीला घरी धाडत होता.

तेवढ्यात लिंबाखालून नागव्वा उठली. डोक्यावरचा पदर तिनं दोन्ही हातांनी घट्ट केला. चिंचनहळ्ळीत नांदायला आल्यापासून चार पुरुषांत ती कधी बोलली नव्हती. तिची मराठी तुटकी होती आणि ती तोंड उघडायची तेव्हा गल्लीतल्या बायकासुद्धा तिची नक्कल करायच्या.

"माजं मत हाय," ती म्हणाली. आवाज फाटला. तिनं घसा साफ केला. "मी इचारते. विहीर... त्या पायऱ्या..." मराठी शब्द तिला सापडेनात. ती थांबली. कुणीतरी पुन्हा खुदकन हसलं. मग तिनं मराठी सोडूनच दिली आणि माहेरच्या भाषेत ओरडली, "नमग नीरु बेकु! नारु ब्याड!"

पाणी पाहिजे, नारू नको. एवढं कन्नड अख्ख्या गावाला कळत होतं. आधी सगळे हसले, कारण शब्द कानाला गोड लागले. पण हसता हसता बजाबाई उठली. तिच्या नवऱ्याला गेल्या उन्हाळ्यात नारू झाला होता, अजून त्याचा गुडघा वाकत नव्हता. "नीरु बेकु, नारु ब्याड," ती म्हणाली. मग तिच्या शेजारची म्हणाली. मग लिंबाखालच्या सगळ्या एकदम म्हणू लागल्या, आणि पुरुषांचं हसणं कधी थांबलं ते कुणाला कळलं नाही.

नीलम्मा आईकडं बघत होती. ही आपली अव्वा, हे तिला खरं वाटेना.

रावजी उठून उभा राहिला. "मी कुटं न्हाई म्हनतो? बोललोय तर करनार. पन पंचायतीत आत्ता पैका न्हाई. गवंड्याला द्यायला न्हाई."

"गवंड्यानं मागितला का?" फकीर बसल्या जागेवरून म्हणाला. त्याच्या शेजारच्या माणसानं त्याची बाही ओढली, ती त्यानं सोडवून घेतली. "तुला मत दिलं न्हाई मी, रावजी. पुढंबी देनार न्हाई. पन पानी माझ्या घरातबी त्याच विहिरीचं हाय. भिंत मी बांधतो. दगड आन् मानसं गावानं द्यावी."

"बरं," रावजी म्हणाला. "पन भिंत बांधायची तर विहीर उपसावी लागंल. तवर गाव पानी कुठलं पिनार?"

गावात पाण्याची दुसरी जागा एकच होती, आणि ती सगळ्यांना माहीत होती. जो तो खाली बघू लागला.

सगळ्यांत मागून येडूची आई सोजरबाई पुढं आली. काटक बाई, हाताला दोराचे घट्टे. ती बायकांच्या रांगेपाशी येऊन थांबली.

"आमच्या आडावरनं न्या," ती म्हणाली. "पायजे तेवढं न्या. पन एक हाय. रहाट बसला की आमीबी तितं घागर लावनार. आमच्या आडाचं पानी तुमाला चालतंय, तर तुमच्या विहिरीचं आमाला चाललं पायजे."

कुजबुज उठली. कुणी म्हातारा काहीतरी पुटपुटला आणि उठून चालता झाला. त्याच्यामागं आणखी दोघं गेले. रावजीनं ग्रामसेवकाकडं बघितलं, ग्रामसेवकानं कागदांकडं.

"कायद्यानं विहीर सगळ्यांचीच हाय," नीलम्मा बसल्या जागेवरून म्हणाली.

"तुला मत न्हाई," कुणीतरी खेकसलं.

"तिला न्हाई, मला हाय," बसलिंगप्पा म्हणाला.

तो काठीवर भार देऊन उठत होता. वेदनेनं त्याच्या कपाळावर घाम आला. "मला हाय मत. आन् लेक बोलली तेच माझं म्हननं हाय. लिवून घ्या." तो ग्रामसेवकाकडं बघत म्हणाला, आणि मग रावजीकडं वळला. "पाटील, तुमच्यासाठी ह्या पायानं गाव पालथं घातलं. आता न्हाई म्हनू नगा."

रावजीनं टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा घातली. "लिवा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून मोटा लावून विहीर उपसायला सुरुवात झाली. त्या सकाळी खालच्या वस्तीच्या आडाकडं वरच्या गल्लीतून कुणी जाईना. बायका दारात रिकाम्या घागरी घेऊन एकमेकींकडं बघत उभ्या होत्या. नागव्वा घागर कमरेवर घेऊन निघाली आणि गल्लीतून सरळ खाली उतरली. आडावर सोजरबाईनं दोर तिच्या हातात दिला. नागव्वानं शेंदलं, घागर भरली, आणि तिथंच उभी राहून ओंजळभर प्याली. मग बजाबाई आली. दुपारपर्यंत रांग लागली होती.

काम चैत्र सरून वैशाख लागला तरी चाललं होतं. फकीर तळाशी पायऱ्यांच्या तोंडावर भिंत उचलत होता. नीलम्मा, रुक्साना, येडू आणि गावातली शाळेची सगळी पोरं-पोरी पाट्यांनी दगडगोटे वाहायची, भिंतीमागं पायऱ्यांत टाकायची. हाताची सालं निघाली. डोक्यावरच्या चुंबळी भिजून जायच्या. दुपारी नीलम्मा सगळ्यांना चिंचेखाली बसवायची आणि फडक्यातून गाळलेलं पाणीच प्यायला द्यायची. कुणी तसंच पिऊ लागलं तर रुक्साना हातातला तांब्या काढून घ्यायची. त्याच सावलीत येडू त्या दिवशी मिळालेला पेपर वाचायचा. हळूहळू मोठी माणसंसुद्धा कान देऊन बसायला लागली, आणि बातमी संपली की "आनि काय म्हनतोय?" असं विचारायला लागली.

बसलिंगप्पाला चालता येत नव्हतं, पण बसता येत होतं. तो पाय पसरून छिन्नी-हातोड्यानं दगड फोडत बसायचा. फकीर वर आला की त्याच्याजवळ बिडी ओढायला टेकायचा.

"दाराचा गुलाल जात न्हाई रे," एक दिवस फकीर म्हणाला. "चुन्यात मुरलाय."

बसलिंगप्पानं हातोडा खाली ठेवला. "पाय बरा झाला की मी येतो. चुना माझा, हातबी माझा."

"तुला चुना लावायला येतो का?"

"तू शिकव की."

फकीर धूर सोडत हसला. त्या संध्याकाळी रुक्साना उघड उघड नीलम्माच्या घरी पायरी चढून आली आणि नागव्वाच्या हातची गरम भाकरी खाऊन गेली.

रहाटासाठी बाभळीचं खोड रावजीनं आपल्या मळ्यातलं दिलं. लोखंडी चाक अक्कलकोटहून बैलगाडीत आलं. शेवटच्या पायरीवर माती पडली आणि कठडा पुरा झाला, त्या दिवशी विहिरीत झऱ्याचं नवं पाणी चढलं होतं. रावजीनं नारळ फोडला. पहिल्या घागरी वरच्या गल्लीतल्या बायकांनी भरल्या. मग सोजरबाई आली. तिच्यामागं वस्तीतल्या बायका होत्या, पण त्या थोड्या लांब थांबल्या. एकदोघींनी घागरी उचलून बाजूला घेतल्या.

दोर त्या वेळी बजाबाईच्या हातात होता. तिनं घागर वर ओढली, कठड्यावर ठेवली, आणि दोराचं टोक सोजरबाईपुढं धरलं. "धर. जड हाय चाक, जपून सोड."

रहाट कुरकुरला. सोजरबाईची घागर खाली गेली. वस्तीतल्या बायका एक एक पाऊल पुढं आल्या. येडू शेजारी उभा होता. त्यानं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, फक्त पुढं होऊन आईच्या हाताखाली दोराला हात लावला.

जूनमध्ये निकाल लागला. तिघंही पास झाले. नीलम्मा आणि रुक्साना अक्कलकोटला अकरावीत गेल्या, येडू चुलत्याकडं राहून त्याच कॉलेजात. बसलिंगप्पाच्या पायातला किडा शेवटच्या टोकापर्यंत सावकाश बाहेर आला, तुटला नाही. घोट्यावर एक गोल वण राहिला. पुढच्या उन्हाळ्यात गावात आणखी काही जणांना नारू निघाला, तो जुन्या पाण्याचा. त्यानंतर निघाला नाही.

पण त्याआधी, त्याच वर्षी, कार्तिकात दुसरी ग्रामसभा होती. या वेळी नोटीस चावडीच्या बाहेरच्या भिंतीवर लागली होती. तारीख कळताच बसलिंगप्पा स्वतः अक्कलकोटला गेला आणि कॉलेजच्या फाटकापाशी धोतराचा सोगा धरून उभा राहिला. नीलम्मा धावत आली. कुणी आजारी आहे का, हे तिनं आधी विचारलं.

"न्हाई गं. सगळी बरी हाईत. सोमवारी सभा हाय. शाळेच्या रस्त्याचं निघनार म्हनत्यात. तू याला पायजे."

"मला बोलाय देत न्हाईत की, अप्पा."

"बोलायचं न्हाई. ऐकायचं. मंग मला सांगायचं, मी बोलतो. तुझी अव्वा बी बोलती. बजाबाई तर आता थांबतच न्हाई."

सोमवारी ते चावडीपुढं पोचले तेव्हा जागा भरून गेली होती. लिंबाखाली बायकांसाठी वेगळी सतरंजी होती आणि तिच्यावर वरच्या गल्लीतल्या आणि खालच्या वस्तीतल्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. नीलम्मा मागं, कडेला उभी राहणार होती. बसलिंगप्पानं तिचा दंड धरला आणि माणसांतून वाट काढत तिला थेट पुढं घेऊन गेला. ग्रामसेवकानं मान वर केली.

"मत नाही हो तिला अजून."

"म्हाईत हाय," बसलिंगप्पा म्हणाला. मग पहिल्या ओळीत बसलेल्या माणसाच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला. "सरक जरा तिकडं. माझी लेक बसंल हितं."

तो माणूस सरकला.